काचेची जवारी

उज्ज्वलाबाई म्हैसाळकरांचा फोन तंबोऱ्याने फोडला, ही गोष्ट मिरजेत पुढे बरेच दिवस चवीने सांगितली गेली, आणि चवीने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत विरळाच आढळणारा गुण तिच्यात होता: ती खरी होती. रियाजाचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी बाईंनी फोन तंबोऱ्याच्या भोपळ्याला टेकवून उभा केला होता. चहा उतू जातोसे वाटून त्या उठल्या, भिंतीला टेकलेला तंबोरा घसरला आणि त्याची एक खुंटी नेमकी काचेच्या मध्यावर आपटली. तंबोऱ्याला ओरखडाही आला नाही. काचेचा मात्र चुराडा झाला.

बाईंनी मुलीला पुण्याला फोन लावला, तो शेजारणीच्या फोनवरून.

"ऋजू, घाबरू नकोस हं. मला काही झालेलं नाही. फोनला झालंय."

"फोनच्या कशाला?"

"काचेला गं."

"मग तुलाच झालंय, आई," ऋजुता म्हणाली. "निघते मी."

हे उत्तर कळण्यासाठी त्या काळातल्या फोनच्या काचेविषयी थोडे सांगितले पाहिजे. काचेच्या पाठीवर केसाहून पातळ असा एक पापुद्रा चिकटवलेला असे. त्याला वीज दिली की तो थरथरे आणि त्याला दाबले की तो स्वतःच किंचित वीज निर्माण करी. म्हणजे तोंडही तोच आणि कानही तोच. हा पापुद्रा काचेला माणसाच्या कानापलीकडच्या स्वरात सतत गुणगुणत ठेवी. त्या काचेवर अंगठा टेकला की नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी अंगठ्याचे मांस सूक्ष्म फुगे, काचेवरचा दाब बदले आणि तिच्या गुणगुणण्यात तेवढाच सूक्ष्म फरक पडे. त्या फरकावरून रक्तवाहिन्या किती ताठ आहेत, हृदयाचा जोर किती आहे, शरीरात पाणी साठू लागले आहे काय, याचा अंदाज फोन बांधत असे. 'नीलपर्ण' कंपनीने या सोयीला 'नाडी' असे नाव दिले होते. नाव जुन्या वैद्यकीतले असले तरी आत गूढ काहीही नव्हते; शाळेतल्या कंपनांच्या धड्याची ती लांबलेली शेपटी होती.

मात्र सुटा आकडा येथे फारसा उपयोगी पडत नाही. एकाचा ताठपणा दुसऱ्याचे आरोग्य असू शकते. म्हणून फोन आधी कित्येक महिने आपल्या मालकाची आधाररेषा आखत असे, आणि पुढे त्या रेषेपासून जरा पाऊल वाकडे पडले की इशारा देत असे. उज्ज्वलाबाईंचे हृदय काही वर्षांपासून अशक्त झाले होते. पायांवर सूज दिसण्याच्या कितीतरी आधी नाडीने दोनदा इशारा दिला होता आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी केवळ गोळ्यांचे प्रमाण बदलून त्यांना रुग्णालयाच्या पायरीवरून परत फिरवले होते. ती आधाररेषा त्याच फोनच्या चिपमध्ये कुलूपबंद होती. गोपनीयतेच्या कारणास्तव तिची नक्कल काढता येत नसे. नवा फोन घेतला असता तर त्याला नवी रेषा आखायला निदान तीन महिने लागले असते. आणि तेवढे दिवस आईचे हृदय समजूतदारपणे थांबेल, अशी हमी द्यायला कोणी तयार नव्हते.

नीलपर्णच्या सेवा केंद्राने सौजन्याने कळवले की 'पर्ण-सहा' हे मॉडेल निवृत्त झाले असून त्याच्या काचा आता बनत नाहीत. नव्या फोनवर सवलत मिळेल.

राहिली बाजारातली काच. ज्याला दुकानदार 'कॉपी' म्हणतात, ती. आणि तो दरवाजा बंद होण्यास ज्या अनेक गोष्टी कारणीभूत झाल्या होत्या, त्यांतली एक खुद्द ऋजुता होती.

पुण्याच्या एका परीक्षण प्रयोगशाळेत ती कंपनशास्त्राची तज्ज्ञ होती. दोन वर्षांपूर्वी तिने कॉपी काचांची तपासणी करून अहवाल दिला होता: या काचांवर नाडीचे वाचन भरवशाचे राहत नाही. अहवाल बिनचूक होता. त्याचा आधार घेऊन नियामक मंडळाने जो निष्कर्ष काढला तो मात्र मंडळाचा होता: ज्या फोनमध्ये नाडी आहे, त्याला परकी काच बसवणे बेकायदा. मिरजेतल्या वाद्यकारांच्या गल्लीत तिच्या धाकट्या भावाचे, निनादचे, फोनदुरुस्तीचे दुकान होते. त्याचा निम्माअधिक धंदा काचांचाच होता. त्या दिवसापासून निनादने बहिणीशी बोलणे टाकले होते.

ऋजुता दुकानात शिरली तेव्हा आई आधीच स्टुलावर बसलेली होती. समोरच्या गच्चीवर तंबोऱ्यांचे भोपळे वाळत होते, आणि निनाद उघड्या फोनवर इतका ओणवा झाला होता की जणू त्याला मान कधीच वर करायची नव्हती.

"आई," तो मान वर न करता म्हणाला, "पाहुण्यांना विचार, चहा घेणार का."

"पाहुणी कसली? सख्खी बहीण आहे तुझी."

"सख्खी आहे म्हणून विचारतोय. परकी असती तर न विचारता दिला असता की."

"आई, त्याला सांग, साखर कमी," ऋजुता म्हणाली.

"मी काय टपालखातं उघडलंय?" बाई कडाडल्या. "माझी काच फुटली म्हणून दोघांना बोलावलंय. एकमेकांशी बोलायचं नसेल तर चला घरी. एक लाटेल, एक भाजेल. पोळ्यांना बोलावं लागत नाही."

निनादने फोन सरळ करून बहिणीपुढे सरकवला. ती येईपर्यंत त्याला धीर धरवला नव्हता. त्याने कॉपी काच बसवून पाहिली होती, आणि पडद्यावर ठसठशीत अक्षरे उमटली होती: अनोळखी काच. नाडी स्थगित. उरलेले प्रयत्न: दोन.

"आणि दोन संपले की?" आईने विचारले.

"की आधाररेषा पुसली जाते," ऋजुता म्हणाली. "तुझ्याच सुरक्षेसाठी, असं त्यांचं म्हणणं."

"बेळगावात एक जण आहे," निनाद आईकडे पाहून म्हणाला. "चिपला खोटं उत्तर शिकवतो. फोन विचारतो, काच कुणाची? चिप म्हणते, घरचीच. काम तमाम."

"आणि अंगठा टेकल्यावर? चिप फसेल, पण काच कंप पावते तशीच पावणार. वेडेवाकडे आकडे डॉक्टरांपर्यंत जाणार. ते गोळी वाढवतील तेव्हा कमी करायला हवी असेल."

"हे सगळं अहवालात लिहिलं होतंच की. तोंडपाठ आहे माझ्या." आता तो प्रथमच तिच्याकडे पाहत होता. "दुकान बसवलंस माझं."

"अहवालात चूक दाखव. आत्ता मागे घेते."

"चूक असती तर कधीच दाखवली असती! चूक नाही, तीच तर बोंब आहे."

उज्ज्वलाबाईंनी समाधानाने पदर सावरला. भांडण का होईना, टपालखाते बंद झाले होते.

ऋजुताने प्रश्नाची उकल सुरू केली ती तिच्या नेहमीच्या रुक्ष पद्धतीने. काच परकी आहे हे फोनला कळते कसे? नवी काच बसली की फोन एक स्वपरीक्षा घेतो. पापुद्रा खर्जापासून थेट कानापलीकडच्या टिपेपर्यंत एक सलग घसीट घेतो, आणि काच कोणत्या स्वराला किती जोराने साथ देते ते ऐकतो. काचेचे असे निरनिराळे कंप असतात. त्यांच्या बलाबलाचा एक आलेख निघतो. कंपनीने ठरवलेल्या पट्ट्यात तो आलेख बसला, तर काच आपली. पट्टा प्रत्येक फोनला वेगळा नसणार, कारण सेवा केंद्रातले लोक कपाटातली कोणतीही ओरिजिनल काच काढून बसवत आणि फोन ती विनातक्रार स्वीकारी. तेव्हा पट्टा साऱ्या मॉडेलचा एकच.

"म्हणजे चोरकिल्लीची गरज नाही," ती सावकाश म्हणाली. "हे कुलूप काचेची जात विचारत नाही. तिचं वागणं विचारतं."

"पण कॉपीचं वागणं वेगळं आहे, तूच सिद्ध केलंयस," निनाद म्हणाला. "काच तीच, पापुद्रा जवळपास तोच. फरक कशानं पडतो, ते काही तुझ्या अहवालात नाही."

हे खरे होते. ते शोधणे तिच्या कामाच्या कक्षेत नव्हते.

"जवारी बंद आहे तिची," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिले.

"निन्यानं लावली तेव्हा ती किर्र करून वर गेली ना, तेव्हाच कळलं मला. मुकी वाजते. ओठ मिटून गाणाऱ्यासारखी."

"आई, या वयात कानाला सेकंदाला दहा हजारांच्या पुढचे कंप ऐकू येणं कठीण. या काचेचा दोष तीस हजारांच्या आसपास आहे."

"मला तुझे हजार कळत नाहीत. जवारी कळते."

साक्ष म्हणून आईच्या या विधानाची किंमत शून्य होती, यात ऋजुताला शंका नव्हती. पण साक्ष म्हणून टाकाऊ असलेले विधान तर्क म्हणून तपासण्याजोगे असू शकते. तंबोऱ्याची तार ज्या पट्टीवरून जाते त्या घोडीच्या एका धारदार कडेवर ती टेकत नाही. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो आणि कंप पावणारी तार त्या उतारावर स्पर्श करीत, सोडीत राहते. त्या निसटत्या स्पर्शातून वरचे स्वर फुलतात. हीच जवारी. ती उघडण्यासाठी गवई तारेखाली सुताचा एक धागा सरकवतो, केसभर पुढे, केसभर मागे, आणि बसल्या आवाजाचा तंबोरा एकाएकी गुंजू लागतो. हे दोघांनीही शेकडो वेळा पाहिले होते. आईच्या शिष्यांची रांग लागलेली असताना धागा सरकवण्याचे काम आळीपाळीने त्यांच्याकडेच असे.

काचही कुठेतरी टेकलेली असते. चारी कडांनी, गोंदाच्या पट्टीवर, चौकटीच्या ओठावर.

"निनाद," ऋजुताने विचारले, "ओरिजिनलच्या चौकटीचा ओठ कसा असतो रे?"

त्याने खणातून एक भंगार चौकट काढून भिंगाखाली धरली, कॉपीची चौकट तिच्याशेजारी ठेवली, आणि बराच वेळ पाहत राहिला.

"उतार आहे," अखेर तो म्हणाला. "ओरिजिनलला बारीक उतार आहे. कॉपीवाल्यांनी सपाट ठेवलाय. इतकी वर्षं बसवतोय, कधी बघितलं नाही."

"बघायचं कारण नव्हतं. मलाही नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ऋजुताने प्रयोगशाळेच्या संचालकांना स्पष्ट शब्दांत कळवून कंपनमापक यंत्र मागवून घेतले: काम घरचे आहे, हितसंबंध उघड आहे, निष्कर्ष जे येतील ते जाहीर करीन. ते यंत्र काचेवर लेसरचा ठिपका टाकी आणि परतलेल्या प्रकाशावरून काचेची थरथर मोजी. फोनला विचारावेही लागत नसे, आणि म्हणून उरलेले दोन प्रयत्न खर्ची पडत नसत. घसीट घ्यायला एक चिमुकला कंपक बाहेरून लावला.

सपाट ओठावर उतार आणायला सूत फार जाड ठरले. तेव्हा आईने तंबोऱ्याचा ठेवणीतला रेशमी धागा दिला, आणि निनादने त्याचा पीळ उलगडून एकच तंतू वेगळा काढला. तो डोळ्यांना दिसण्यापेक्षा बोटांना जाणवे. काचेच्या कडेखाली, अर्धवट सुकलेल्या गोंदावर तो ठेवायचा, मोजायचे, चिमट्याने केसभर सरकवायचे, पुन्हा मोजायचे. गोंद पूर्ण सुकल्यावर आलेख किती हलतो, याचा अंदाज त्यांनी आधी भंगार काचांवर बांधून ठेवला.

तंतू पहिल्यांदा सरकला तेव्हा तीस हजारांच्या आसपास निपचित पडलेली आलेखाची टेकडी उभी राहिली. तर्क खरा होता. ऋजुताने तंतू काढून, पुन्हा घालून, तीच टेकडी पुन्हा उभी राहते का ते पाहिले. मग पुन्हा काढून पुन्हा पाहिले.

"किती वेळा बघशील?" निनाद वैतागला.

"योगायोगाचा कंटाळा येईपर्यंत."

मग दोघांना नादच लागला. इथे जरा पुढे, तिथे जरा आत. काच उघडत गेली. ज्या कंपांत पूर्वी खरखर होती ते स्वच्छ झाले, टेकड्या ओळीने उभ्या राहिल्या, आणि वाचनातला गोंगाट इतका खाली गेला की ऋजुताने आपल्या कारकिर्दीत असा देखणा आलेख पाहिला नव्हता. निनादने श्वास रोखून शेवटचा तंतू बसवला. अतिनील दिव्याखाली गोंद सुकला. आईने स्वतःच्या हाताने स्वपरीक्षेचे बटण दाबले. काच किर्र करीत वर चढली, कानाआड झाली.

अनोळखी काच. नाडी स्थगित. उरलेले प्रयत्न: एक.

निनादने चिमटा मेजावर ठेवला. "संपलं. तुझं यंत्र चुकलं नाहीतर त्यांचं."

"यंत्र चुकलेलं नाही."

"मग हे काय आहे?"

यंत्र काच उत्तम असल्याचे सांगत होते. फोन काच नापास असल्याचे सांगत होता. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असण्यासाठी काय घडले असावे?

"किती गोड लावली होतीत रे," उज्ज्वलाबाई हळहळल्या. "अगदी माझ्या तंबोऱ्यासारखी."

ऋजुताने कपाळावर हात मारून घेतला. तिच्या हाताखालच्या लोकांनी हे दृश्य पाहिले असते तर त्यांनी त्याची तारीख नोंदवून ठेवली असती.

"आम्ही गोड लावली," ती म्हणाली. "गोड लावायला कुणी सांगितलं होतं? ओरिजिनल काच गोड नाहीच! ती सामान्य आहे. कारखान्यात लाखांनी निघालेली, बऱ्यापैकी बसलेली. आम्हाला तिच्यासारखी लावायची होती, तिच्यापेक्षा चांगली नाही. पट्ट्याच्या खाली गेलो नाही आपण. वरून बाहेर पडलो."

ही चूक करायला तंबोऱ्याच्या घरातच जन्म घ्यावा लागतो. दुसऱ्या कोणी काच जुळवली असती. यांनी ती लावली होती.

"शिष्याच्या पट्टीत लावा म्हटलं की तुम्ही दोघं लहानपणीही माझ्याच पट्टीत लावायचात," आई म्हणाली. "गाणारा कोण ते आधी विचारावं."

"मग गाणाऱ्याचा नमुना हवा," ऋजुता म्हणाली. "पर्ण-सहाची एक धडधाकट ओरिजिनल काच. आता ती कुणाकडे मिळणार?"

निनाद खिडकीबाहेर भोपळ्यांकडे पाहू लागला. त्याचे कान हळूहळू लाल झाले.

एका दिवाळीला आईने तिघांसाठी सारखेच फोन घेतले होते. ऋजुताने आपला केव्हाच बदलला होता.

"निन्या," ती म्हणाली, "तुझा फोन काढ."

त्याने खिशातून फोन काढून मेजावर ठेवला. पर्ण-सहा. काच अखंड, ओरिजिनल, वर जाड संरक्षक आवरण.

"आख्ख्या मिरजेला कॉपी काचा विकणारा माणूस," ऋजुता एकेक शब्द चावत म्हणाली, "स्वतःच्या फोनला..."

"फुटलीच नाही, त्याला मी काय करू? मुद्दाम फोडायची होती?"

"आवरण कशाला मग?"

"आता मोजणारेस का उलटतपासणी घेणारेस, ताई?"

दोन वर्षांनी आलेली ती हाक होती. कुणीच तिची दखल घेतली नाही. घेतली असती तर ती कदाचित परत गेली असती. ऋजुताने आवरण सोलून काढले आणि लेसरचा ठिपका भावाच्या काचेवर आणला.

या वेळी त्यांनी ताज्या गोंदावर दुसरी कॉपी काच घेतली, आणि ती लावली नाही, नमुन्याबरहुकूम उतरवली. जिथे टेकडी उंच गेली तिथे तंतू मागे घेतला. एक सुरेख कंप तर जाणूनबुजून बोथट करावा लागला. तेव्हा निनाद "पाप आहे हे" असे पुटपुटला. हळूहळू दोन आलेख एकमेकांवर पडले आणि वेगळे ओळखू येईनात.

बटण दाबायला आईने नकार दिला. "माझ्या हाताला यश नाही. तुम्ही दाबा."

"यशाचा हाताशी संबंध नाही," असे म्हणत ऋजुताने बटण दाबले.

काच किर्र करीत चढली. थांबली. पडदा काही क्षण कोरा राहिला.

काच ओळखली. नाडी सुरू. कृपया अंगठा ठेवा.

निनादने अशी आरोळी ठोकली की समोरच्या गच्चीवरचे कारागीर कठड्याशी धावले. उज्ज्वलाबाईंनी अंगठा टेकवला. त्यांची जुनी आधाररेषा, एकही टिंब न हरवता, पडद्यावर उलगडत गेली, आणि आजचे टिंब शांतपणे रेषेवर जाऊन बसले.

ऋजुता मात्र तेवढ्यावर विसंबणारी नव्हती. फोनने काच स्वीकारणे म्हणजे काच खरे बोलणे, हे अद्याप सिद्ध व्हायचे होते. तिने डॉक्टरांना गाठले आणि आईच्या प्रत्येक वाचनासोबत रुग्णालयाच्या उपकरणाचे वाचन घ्यायला लावले. वाचने जुळत राहिली. आणि त्याच महिन्यात एका सकाळी फोनने इशारा दिला. आईला काहीच वाटत नव्हते. उलट त्या तोडी राग छान लागल्याचे सांगत होत्या. डॉक्टरांनी तपासले. फुप्फुसांच्या तळाशी पाणी धरू लागले होते. त्यांनी गोळी वाढवली आणि बाई त्या दिवशीच्या शिकवणीलाही चुकल्या नाहीत.

एवढे झाल्यावरच ऋजुताने आपल्या पद्धतीचा पूर्ण तपशील प्रसिद्ध केला, आणि नियामक मंडळाकडे फेरविचाराचा अर्ज केला.

पुण्यातल्या सुनावणीला नीलपर्णचे वकील तयारीनिशी आले होते. त्यांच्या हातात तिचाच जुना अहवाल होता.

"डॉक्टर म्हैसाळकर, परकी काच असुरक्षित आहे, हे आपणच लिहिलंय ना?"

"हो. आणि ते आजही बरोबर आहे. न जुळवलेली परकी काच असुरक्षितच आहे."

"मग आपण अर्ज कशासाठी केलात?"

"जुळवलेलीसाठी."

मंडळाच्या अध्यक्षांनी आंधळी चाचणी घ्यायचे ठरवले. ओरिजिनल आणि निनादने जुळवलेल्या काचांचे फोन सरमिसळ करून कंपनीच्याच अभियंत्यांपुढे ठेवण्यात आले. त्यांनी आपल्या उपकरणांनी हवे तितके तपासावे आणि परके वेगळे काढून दाखवावेत. अभियंते प्रामाणिक होते. त्यांनी मन लावून प्रयत्न केला आणि लेखी दिले की फरक सांगता येत नाही.

वकील म्हणाले, "हा केवळ हातकसबाचा प्रश्न आहे. आमचा पट्टा रुग्णांच्या सुरक्षेसाठी आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे."

"त्या पट्ट्याविषयीच एक शंका आहे," ऋजुता म्हणाली. तिने एक फोन पुढे ठेवला. त्यात ती पहिली, गोड लागलेली काच पुन्हा तशीच लावलेली होती. "ही काच नाडी वाचते तेव्हा गोंगाट तुमच्या ओरिजिनल काचेच्या निम्म्याहून कमी असतो. मोजून पाहा. ही रुग्णाचं हृदय अधिक स्पष्ट ऐकते. तुमचा फोन हिला नाकारतो. खालची मर्यादा सुरक्षेसाठी आहे, हे मला मान्य आहे. माझी मोजमापंही तेच सांगतात. वरची मर्यादा कुणाच्या सुरक्षेसाठी आहे?"

वकिलांनी अभियंत्यांकडे पाहिले. अभियंत्यांतल्या ज्येष्ठ बाईंनी चष्मा काढून पुसला आणि खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात म्हटले, "याचं उत्तर आमच्या विभागाकडे नाही."

ते कोणत्या विभागाकडे असेल हे मग कोणीही विचारले नाही. तशी गरजही उरली नव्हती.

निकाल आला तो मंडळाच्या नेहमीच्या कोरड्या भाषेत, पण ऋजुताला तो वाचताना गुणगुणावेसे वाटले. स्वपरीक्षेत उत्तीर्ण होणारी कोणतीही काच वैध. पट्ट्याची खालची मर्यादा सर्वांसाठी जाहीर करावी. वरची मर्यादा सर्व फोनमधून काढून टाकावी. वर्ष सरेपर्यंत मिरजेच्या त्या गल्लीत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घोड्या घासून जवारी काढली गेली होती, तिथल्या कारखान्यांतून काच लावणारे हात तयार झाले. दूरदूरहून निवृत्त फोन येऊ लागले. निनादने दुकानाची भिंत पाडून शेजारचा गाळा आत घेतला, आणि फलकावर ठळक लिहिले: येथे काच नुसती बसवून मिळत नाही.

"म्हणजे काय समजायचं गिऱ्हाइकानं?" ऋजुताने विचारले होते.

"आत येऊन विचारतं की! तोच तर धंदा आहे."

एका रविवारी ती मिरजेला आली तेव्हा त्याने तिच्यापुढे आपला फोन ठेवला. काच मधोमध तडकलेली.

"कशी फुटली?"

"आवरण काढलं होतंस ना तू. परत लावलंच नव्हतं." मग त्याने कॉपी काच आणि रेशमाचा तंतू पुढे सरकवला. "ही तू लाव, ताई. आता वरून कुणी अडवणार नाही. लाव अगदी हवी तशी."

ती बसली. भावाने चिमट्याने तंतू सरकवला, तिने मोजले; तिने "जरा आत" म्हटले, त्याने "गप, कळतंय" म्हटले. आलेख फुलत गेला. आतल्या खोलीत आई कुणा शिष्येला तंबोरा लावून देत होती, आईची पाठ त्यांच्याकडे होती. गोंद सुकला. ऋजुताने बटण दाबले. काच खर्जातून निघाली, चढत चढत सगळ्या कानांच्या पलीकडे गेली आणि पडदा उजळला: काच ओळखली.

"आहाहा!" आतून उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "आता कशी उघडली बघा जवारी."

त्या काचेतला फरक माणसाच्या श्रवणकक्षेच्या कितीतरी वर होता. आईला तो ऐकू आला हे संभवत नव्हते. दोन काचा, एक पडदा आणि वीस-पंचवीस वेळा विचारलेला एकच प्रश्न, एवढ्या सामग्रीवर त्या दाव्याची सहज चाचणी घेता आली असती. कंपक हाताशीच होता.

ऋजुताने तो पिशवीत घातला, आणि आतल्या खोलीत जाऊन तंबोऱ्यापाशी मांडी घालून बसली.